होळकरांच्या गावी बडोदेकर

बडोद्याच्या माणसाने इंदुरास जाताना दोन गोष्टी घरी ठेवून जावे. एक पथ्य आणि दुसरी क्रिकेटची घमेंड. पथ्य तर पहिल्याच रात्री सराफ्यात मोडते, त्याची काळजी नको. घमेंड मात्र हाडीमासी खिळलेली असते. गायकवाडांच्या आणि होळकरांच्या तलवारी म्यानात जाऊन किती तरी पिढ्या लोटल्या. पण या दोन मराठी राजधान्यांनी रणजी करंडकासाठी एकमेकींशी जे दावे मांडले, त्यांची आठवण दोन्हीकडच्या जुन्या घरांत अद्याप ताजी आहे. थंडीच्या दिवसांत आम्ही चार दिवस इंदुरास राहून आलो. पाहिले, खाल्ले आणि पोटभर वाद घातला, त्याचा हा वृत्तान्त.

रात्री बडोद्यास अवंतिका एक्सप्रेस पकडली, की दाहोद, रतलाम झोपेतच मागे पडतात आणि उजाडते ते माळव्यात. काळीभोर जमीन, गव्हाहरभऱ्याची शेते आणि सकाळच्या उन्हातही अंगाला झोंबणारा वारा. उज्जैन गेले, देवास गेले, की सामान आवरायला लागावे. स्थानकावर आमचे मामेभाऊ स्वतः आले होते. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, डोक्याला मफलर. सारे घर त्यांना दादा म्हणते. आम्ही वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वादाच्या आधी त्यांनी विचारले, "काय बडोदेकर, यंदा तुमची टीम कशी आहे?" आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "झाले सुरू!"

इंदुरात दिवसाची नाणेफेक पोह्यांनी होते. खाली पातेल्यात पाणी उकळत असते आणि वर परातीत पिवळेधमक पोहे वाफेवर गरम राहतात. कागदावर किंवा बशीत ते वाढले, की वर शेव, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे आणि सर्वांवर जीरावन नावाचा चटकदार मसाला. शेजारच्या कढईतली जिलबी त्याबरोबर खायची. आमच्या सौ.ना पोह्यांशी जिलबीची ही सोयरीक पटली नाही. पुण्याच्या माहेरी कांदेपोह्यांवर ओले खोबरे पाहिलेले. तिथे पोहे फोडणीत परततात, येथे वाफेवर फुलवितात. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच दादांना आठवण केली, "जिलबी राहिली ना!" दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांबरोबर पोहे माळव्यात आले, असे इंदूरकर सांगतात. ते खरे मानले, तर आमच्या लोकांनी येथे पोहे आणले आणि माळव्याने त्यांत आपली शेव, आपली बडीशेप आणि आपले जीरावन घातले. आता ते पोहे महाराष्ट्राचे राहिले नाहीत, आणि तरीही आमचेच आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे क्रिकेटच्या वादात तिचा उपयोग आहे.

वादाची सुरुवात अर्थातच आम्ही केली. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजीचा अंतिम सामना झाला तो बडोदे आणि होळकर या संघांत. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असता विजय हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. ती फुटली तेव्हा चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा झाल्या होत्या. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा हा विश्वविक्रम २००६ पर्यंत, म्हणजे तब्बल एकोणसाठ वर्षे टिकला. बडोद्याच्या एकूण ७८४ धावा झाल्या आणि होळकरांचा एक डाव ४०९ धावांनी पराभव झाला. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर हे आकडेही पाठ करवून घेतले जात.

दादांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "झाले तुझे? मग आता त्याच्या आदल्या वर्षाचे ऐक." १९४५-४६ च्या हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध इंदुरास ८ बाद ९१२ धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायुडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा फलंदाजांनी एकाच डावात शतके झळकविली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांनी हरविले ते बडोद्यालाच. होळकर संघ रणजीत खेळला तो १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदाच हंगाम. त्यांत दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा करंडक घेऊन आला. शेवटच्या हंगामात मद्रासने त्यांना अंतिम सामन्यात हरविले, तेव्हा दादा नऊदहा वर्षांचे असतील. "त्या संध्याकाळी वडील जेवले नाहीत," दादा म्हणाले, "आणि आईने त्यांना आग्रहही केला नाही."

आम्ही गप्प झालो. पराभवाच्या संध्याकाळी न जेवणारा बाप आमच्याही घरी होता.

आता थोडा विचार करू. हे होळकर संघातले वीर होते तरी कोठले? कर्णधार कर्नल सी. के. नायुडू नागपूरचे, घराणे तेलुगू. होळकरांनी त्यांना १९२३ मध्ये बोलावून आपल्या सैन्यात हुद्दा दिला. १९३२ मध्ये ते भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधार झाले आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही होळकरांकडून खेळत राहिले. मुंबईच्या फडकरांचा एक उसळता चेंडू तोंडावर आदळून दात पडले असता, ते बाजूला सारून ते पुढे खेळत राहिले, ही कथा इंदुरात आजही अभिमानाने सांगतात. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा करणारे तेच. चंदू सरवटे सागरचे. १९४६ मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध शुटे बॅनर्जींच्या साथीने त्यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सय्यद मुश्ताक अली तेवढे अस्सल इंदूरचे. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. एवढेच नव्हे, महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या. सामना मात्र मुंबईनेच जिंकला.

म्हणजे काय, तर होळकर संघ हा बाहेरून आलेल्यांचाच मेळा होता. कोणी नागपूरचा, कोणी कोल्हापूरचा, कोणी थेट लंडनचा. गावाने त्यांना नोकरी दिली, भाकरी दिली, आणि ते गावाचे झाले. आमच्या बडोद्याचे तरी निराळे काय? विजय हजारे जन्माने सांगलीचे. पण त्यांनी देह ठेवला तो २००४ मध्ये बडोद्यास, आणि बडोदेकरांपुढे त्यांना कोणी सांगलीचे म्हणून पाहावे! आज देशातल्या एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकाला हजाऱ्यांचे, वीस षटकांच्या स्पर्धेच्या करंडकाला मुश्ताक अलींचे आणि तरुणांच्या स्पर्धेच्या करंडकाला नायुडूंचे नाव आहे. साऱ्या देशाचा क्रिकेटचा हंगाम या दोन गावांच्या माणसांची नावे घेत सरतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी आम्हांस होळकर स्टेडियम दाखविले. संघ गेला, नाव मैदानाला उरले. ८ डिसेंबर २०११ रोजी वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा काढल्या त्या येथेच. २०१६ मध्ये येथे पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडविरुद्ध विराट कोहलीने द्विशतक काढले. पण मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली आणि खेळपट्टीला दूषण लागले. त्याहूनही जुने दुखणे म्हणजे १९९७ चा नाताळ: गावातल्याच नेहरू स्टेडियमवर भारत आणि श्रीलंका यांचा सामना तीन षटकांतच सोडून द्यावा लागला, कारण खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नव्हता. दादा यांतले काहीही लपवीत नाहीत. आमच्या मते खऱ्या रसिकाची हीच खूण. विक्रम जितक्या मोठ्याने सांगावा, तितक्याच मोठ्याने फजितीही सांगावी.

सायंकाळी उसळपोह्यांवरून पुन्हा लढाई जुंपली. आमच्या बडोद्याची शेवउसळ वाचकांना ठाऊक आहेच. वाटाण्याची उसळ, वर लाल तर्री, मूठभर शेव, हिरवी पात आणि सोबत पाव. घाम पुशीत खायची. दादांचे म्हणणे, उसळ पोह्यांवर घातली की तिचा तिखटपणा शहाणा होतो. आमचे म्हणणे, उसळीला शहाणे करण्याचे कारणच काय? वहिनींनी निकाल दिला, "भावोजी, दोन्हीत शेव आहे ना? मग भांडता कशाला!"

रात्री दहानंतर सराफ्यात गेलो. दिवसा येथे सोन्याचांदीची दुकाने; ती मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे चुली पेटतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गल्ली जागी असते. रात्रभर वर्दळ राहिली म्हणजे पेढ्या सुरक्षित राहतात, या हिशेबाने सराफांनीच हे रुजू दिले, असे सांगतात. भुट्ट्याचा कीस, म्हणजे कोवळे मक्याचे कणीस किसून तूपदुधात शिजविलेले, खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस, दहीवडे, आणि थंडीचा राजा गराडू. हा एक कंद. फोडी करून तळायच्या, लिंबू पिळायचे, जीरावन भुरभुरायचे आणि फुंकर घालीत खायचे. साबुदाण्याची खिचडीसुद्धा येथे वाफेवरची, वर शेवचिवडा घातलेली मिळते. त्यावर शिकंजी. नाव ऐकून लिंबाचे सरबत समजाल तर फसाल. ही घट्ट, दुधाची, सुकामेव्याची. आमच्या शेजारी बाकड्यावर एक हमाल, दोन महाविद्यालयीन मुली आणि गळ्यात सोनसाखळी घातलेला एक व्यापारी एकाच कढईकडे डोळे लावून बसले होते. गावाची श्रीमंती त्याच्या राजवाड्यात मोजू नये. थोड्या पैशांत, मान न घालविता, कोणाच्या शेजारी बसून खाता येते यात ती मोजावी, असे आमचे मत झाले.

परंतु गावात राहणे म्हणजे नुसते खाणे नव्हे. इंदुरास स्वच्छतेचा पहिला क्रमांक २०१७ पासून ओळीने सात वेळा मिळाला. २०२३ चा मान सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला. सराफ्यात आम्ही द्रोण टाकायला जागा शोधू लागलो, तो एका शाळकरी पोराने बोट दाखवून डबा दाखविला, आणि आम्हा बडोदेकरांना ओशाळल्यागत झाले. पण त्याच इंदुरात २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली आणि माणसे दगावली. हे सांगताना दादांचा आवाज बसला. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांवरून चढवून इंदुरास आणले, तेव्हा ते लोकांनी लढून मिळविले होते. "त्या पाण्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो रे," ते म्हणाले. आम्हांस ऑगस्ट २०२४ आठवला. विश्वामित्रीचा पूर आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला होता. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर मागले सात करंडक कपाटात असले तरी आजचा सामना आजच खेळावा लागतो. गावाचा अभिमान हवा. पण तो डोळे मिटून नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. होळकर संघानंतर इंदूरकरांनी मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश या नावांनी रणजीत वाट पाहिली. १९९८-९९ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम सामन्यात गेला आणि बंगळुरास कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी घेऊनही हरला. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर मध्य प्रदेश पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. समोर होती मुंबई.

त्या पाच दिवसांत दादांच्या घरात दोन तट पडले होते. वहिनींचे माहेर दादरचे. त्यांच्या लेखी रणजी म्हणजे मुंबई. मुंबई हरणे म्हणजे गणपतीच्या दिवसांत मोदक न होणे. नातू बंगळुरास नोकरीला. तो रजा काढून मैदानावर जाऊन बसला, मध्य प्रदेशाच्या बाजूने. दादा मध्ये. मुंबईच्या ३७४ धावा झाल्या. मग यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार या तिघांनी शतके काढली आणि मध्य प्रदेश ५३६ वर पोहोचला. शेवटच्या दिवशी सहा गडी राखून विजय. होळकरांच्या १९५२-५३ च्या करंडकानंतर एकोणसत्तर वर्षांनी तो इंदूरच्या वाट्याला आला. आणि या संघाचा गुरू कोण? तेच चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईचे!

दादांनी त्या सायंकाळी गल्लीत पेढे वाटले. पुण्याहून एका नातलगाचा फोन आला, "अहो, मराठी माणसांची टीम हरली आणि तुम्ही पेढे कसले वाटता?" दादांनी उत्तर दिले ते आम्ही जसेच्या तसे देतो. "आमच्या आठ पिढ्या या मातीत जळल्या. आम्ही घरी मराठी बोलतो, गणपती बसवितो, पण तहान लागली की पाणी नर्मदेचेच पितो. मग जिंकल्याचा आनंद कोणाचा मानायचा?" वहिनी ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र रात्री त्यांनी नातवाला फोन करून विचारले, "जेवलास का रे? आज गोड खा."

बडोदेकर म्हणून आम्हांला हा प्रश्न सोपा आहे, असे दादांना वाटते. आमचे संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, तरी गावाच्या नावाचा संघ टिकला. गुजरात राज्यात असूनही बडोदे रणजीत आपल्याच नावाने उतरते आणि त्याने पाच वेळा करंडक जिंकला आहे. शेवटचा २०००-०१ मध्ये. परंतु प्रश्न आमच्याकडेही तोच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबईने बडोद्यास हरविले आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशास. आमच्या मुंबईच्या मेहुण्यांनी दोन्ही वेळा मुद्दाम फोन केला. आम्ही पहिल्या फोनवर संतापलो. दुसऱ्यावर आमचा संताप दुप्पट झाला, याचे आमचे आम्हांलाच आश्चर्य वाटले. शतकभराचे वैरी इंदूरकर, आणि त्यांच्या पराभवाने आमचा घास अडला! त्याच महिन्यात, त्याच स्पर्धेत, याच इंदुरात बडोद्याने सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ५ बाद ३४९ धावा करून त्या दिवशी विश्वविक्रम केला होता. दादांनी तेव्हा आम्हांस फोन करून अभिनंदन केले होते, हेही नमूद केले पाहिजे.

आजची पोरे म्हणतील, आता आयपीएलच्या दिवसांत गाव कोणाला हवे? पंजाबचा संघ २०१७ आणि २०१८ मध्ये इंदुरास बिऱ्हाड करून होता आणि निघूनही गेला; त्याच्यासाठी दादांच्या गल्लीत कोणी उपाशी राहिले नाही. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेस बंगळुरूने प्रथमच ती स्पर्धा जिंकली. कर्णधार होता इंदूरचा रजत पाटीदार आणि सामनावीर ठरला बडोद्याचा कृणाल पंड्या. दोन्ही गावांची पोरे दूरच्या गावासाठी खेळली. दादांचा नातूही त्याच गावी पोट भरतो आणि आमचा धाकटाही पुढील वर्षी तिकडेच जाणार म्हणतो. आम्हांला त्याचे दुःख नाही, असे म्हणणे खोटे होईल. परंतु नायुडूंना इंदुरास येताना नागपुराने अडविले नाही आणि हजाऱ्यांना बडोद्यास येताना सांगलीने अडविले नाही. आमचे पूर्वजही असेच कोणाचे तरी अंगण सुने करून येथे आले.

तेव्हा धाकट्याला आम्ही एवढेच सांगणार आहोत. जेथे जाशील तेथल्या फुटपाथवरचे स्वस्त आणि चांगले खाणे आधी शोध. तेथल्या पाण्याची, रस्त्यांची काळजी आपल्या घरची समजून कर. आणि तेथला संघ हरला तर मनाला लावून घे. हे तीन घडले, की ते गाव तुझे. मराठी त्याने बोलतच राहावे. पोह्यांवर शेव पडल्याने पोहे बाटत नाहीत. आणि बडोदे विरुद्ध बंगळूर असा सामना पडलाच, तर त्याने कोणाच्या बाजूने ओरडावे, ते त्याने आपल्या आईला विचारावे. आम्ही त्या दिवशी फोन उचलणार नाही.